७८ मिनिटांची फाईल: १९ जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक प्रकरण आणि कंपनीच्या कॉम्प्युटरमधला एजंट

क्राउडस्ट्राइक या सायबर सिक्युरिटी कंपनीच्या २०२४ च्या प्रकरणाबद्दल बोलायला लागलं की बहुतेक जण एका वाक्यात निकाल लावतात, टेस्टिंग न करता अपडेट सोडलं आणि जगभरचे कॉम्प्युटर पडले. मला हा निकाल फार घाईचा वाटतो. कंपनीने नंतर मूळ कारणांचा जो रिपोर्ट दिला तो नीट वाचला तर दिसतं की टेस्टिंग झालं होतं, काही महिने आधीच झालं होतं आणि तो भाग त्यात पासही झाला होता. आणि ज्या आयटी टीमनी सावधपणे 'आम्ही लेटेस्ट व्हर्जन घेतच नाही, एक मागचं घेतो' असं सेटिंग लावून ठेवलं होतं त्यांचीही मशिनं त्याच वेळी पडली. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण या लोकांना खरंच वाटत होतं की मशिनवर काय आणि कधी येणार हे आपल्या हातात आहे. ते का नव्हतं हे समजायचं तर हे सॉफ्टवेअर मशिनच्या आत कुठे बसतं आणि काय करतं तिथून सुरुवात करावी लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी घटना थोडक्यात. १९ जुलै २०२४, शुक्रवार. यूटीसीप्रमाणे पहाटे ४:०९ ला, म्हणजे भारतात सकाळी ९:३९, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र नुकतीच उलटलेली, तेव्हा क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन नावाच्या एजंटसाठी, म्हणजे मशिनवर बसून पहारा देणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, क्लाउडवरून एक छोटी कंटेंट फाईल निघाली, चॅनल फाईल २९१. एजंटचं ७.११ किंवा त्यापुढचं व्हर्जन असलेली जी विंडोज मशिनं तेव्हा ऑनलाइन होती त्यांनी ती घेतली आणि निळा स्क्रीन, रीस्टार्ट, परत निळा स्क्रीन. ५:२७ ला कंपनीने फाईल मागे घेतली. ७८ मिनिटं. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशिनं गेली. हा आकडा एकूण विंडोज मशिनांच्या १ टक्क्याहूनही कमी आहे असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं, पण तो १ टक्का कुठे बसलेला होता ते बघा ना, एअरलाइन, हॉस्पिटल, बँका, टीव्ही चॅनल, इमर्जन्सी कॉल सेंटर. घरच्या कॉम्प्युटरवर हे सॉफ्टवेअर जवळपास नसतंच, ते मोठ्या संस्था घेतात, त्यामुळे फटका थेट तिथेच बसला. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, डेल्टा एअरलाइनने पुढच्या पाच दिवसांत ७,००० च्या आसपास फ्लाइट रद्द केल्या आणि नुकसान ५० कोटी डॉलर सांगितलं. मॅक आणि लिनक्सला काही झालं नाही कारण ही फाईल विंडोजच्या एजंटसाठीच होती.

आता एजंट. जुन्या पद्धतीचा अँटीव्हायरस म्हणजे मुख्यतः सिग्नेचरची, ओळखीच्या व्हायरसच्या खुणांची, यादी, फाईल डिस्कवर आली की यादीशी ताडून बघायची, सापडली तर उचलून बाजूला टाकायची. हल्ला करणाऱ्याने फाईलमधले चार बाइट बदलले की तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, बदलतो आणि नुसत्या हॅशवर चालणारी यादी निरुपयोगी होते, आणि पुढे पुढे तर हल्लेखोर स्वतःची फाईल आणतच नाहीत, विंडोजमध्ये आधीपासून असलेलं पॉवरशेल हे कमांड चालवायचं टूलच वापरतात. म्हणून वागणुकीवर नजर ठेवणारा प्रकार आला. त्याला गार्टनर या संशोधन कंपनीच्या अँटन चुवाकिन यांनी २०१३ मध्ये जे नाव दिलं त्याचंच आज ईडीआर, एंडपॉइंट डिटेक्शन अँड रिस्पॉन्स, झालंय. ईडीआर फाईल चांगली की वाईट एवढंच विचारत नाही, कोणत्या प्रोसेसने कोणती प्रोसेस सुरू केली, कमांड लाइनमध्ये काय होतं, रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या, कोणत्या कीला हात लावला, नेटवर्कवर कुणाशी बोलली, हे सगळं तो नोंदवत जातो. वर्ड उघडणं साधी गोष्ट आहे, पॉवरशेल चालवणं अॅडमिनचं रोजचं काम आहे, पण वर्डने पॉवरशेल सुरू केलं, त्याने एन्कोड केलेली कमांड चालवली आणि मग एलएसएएसएस या लॉगिनची माहिती सांभाळणाऱ्या प्रोसेसची मेमरी वाचायला गेलं, ही साखळी दिसली की अलर्ट. सुटी कडी बघून काही कळत नाही.

हे सगळं दिसण्यासाठी योग्य जागी बसावं लागतं आणि ती जागा म्हणजे कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग. विंडोज कर्नलमध्ये सोय आहे की एखाद्या ड्रायव्हरने, म्हणजे कर्नलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामने, आधी नाव नोंदवून ठेवायचं, मग नवी प्रोसेस तयार होताना तिची पहिली ओळ चालायच्या आधी कर्नल त्या ड्रायव्हरला हाक मारतो, आणि ड्रायव्हर म्हणू शकतो की ही नको, थांबव. मेमरीत डीएलएल ही कोडची फाईल लोड होताना, रजिस्ट्री बदलतानाही कर्नल त्याला कळवतो. फाईल उघडणं, लिहिणं यासाठी मिनीफिल्टर नावाचा वेगळा प्रकार आहे, नेटवर्कसाठी आणखी वेगळा. कर्नलमधला हा भाग शक्य तितका पातळ ठेवतात, किंवा ठेवायला हवा, आणि बाकीचं काम वर यूजर मोडमध्ये, म्हणजे साधे प्रोग्राम चालतात तिथे, चालणारी सर्व्हिस करते, जी माहिती गोळा करून क्लाउडला पाठवते. क्लाउडमध्ये एका मशिनचा प्रकार दुसऱ्या हजारो मशिनांशी जोडून बघितला जातो. कन्सोलवर बसलेल्या माणसाने एक बटण दाबलं की ते मशीन नेटवर्कपासून तोडता येतं, फक्त एजंटचं स्वतःच्या क्लाउडशी बोलणं चालू राहतं. हे बटण रॅन्समवेअरच्या रात्री किती मोलाचं असतं ते सिक्युरिटी टीमला विचारा.

कर्नलमध्येच का, हा प्रश्न या प्रकरणानंतर सगळ्यांनी विचारला आणि विचारायलाच हवा होता. कारणं खरी आहेत. एक तर मशीन चालू होताना एजंट लवकर उठला पाहिजे, नाहीतर त्याच्या आधी उठलेला मालवेअर त्यालाच आंधळं करू शकतो, म्हणून हा ड्रायव्हर बूटच्या अगदी सुरुवातीला लोड होतो. दुसरं, हल्लेखोराच्या हातात अॅडमिन हक्क आले की यूजर मोडमधली साधी सर्व्हिस तो पहिल्या मिनिटात बंद करतो, कर्नलमधून तिला संरक्षण देता येतं. आणि वेग, दर सेकंदाला हजारो घटना बघायच्या तर प्रत्येक वेळी कर्नलमधून वर आणि परत खाली जाणं महाग पडतं. पण किंमतही तेवढीच मोठी आहे. यूजर मोडमधला प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो, कर्नलमध्ये कुणी नको तिथली मेमरी वाचली तर विंडोज जाणूनबुजून अख्खं मशीन थांबवतं, कारण त्यापुढे डेटा खराब होणार नाही याची खात्री देता येत नाही. निळा स्क्रीन म्हणजे विंडोजने घेतलेला तो निर्णय असतो.

आता खरी गाठ इथे आहे. कर्नल ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून जातो, त्यावर सही होते, याला वेळ लागतो. हल्ल्याच्या युक्त्या मात्र रोज बदलतात. म्हणून सगळ्याच कंपन्या एक मार्ग काढतात की ड्रायव्हर हे इंजिन, ते क्वचित बदलायचं, आणि काय शोधायचं त्याचे नियम वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचे ज्या इंजिन वाचेल. या दुसऱ्या प्रकाराला क्राउडस्ट्राइक रॅपिड रिस्पॉन्स कंटेंट म्हणतं आणि तो चॅनल फाईलमधून येतो. या फाईल विंडोजच्या ड्रायव्हर फोल्डरमध्ये बसतात, नावाच्या शेवटी डॉट सिस असतं, पण त्या ड्रायव्हर नाहीत, ही गोष्ट त्या दिवशी बऱ्याच बातम्यांमध्ये चुकीची छापली गेली. कोड नाही, डेटा आहे, असं म्हणता येतं आणि तांत्रिकदृष्ट्या बरोबरही आहे. पण जो डेटा वाचून कर्नलमधलं इंजिन पुढे काय करायचं ते ठरवतं, त्याला कोडइतकंच जपायला हवं असं माझं ठाम मत आहे, आणि या प्रकरणात नेमकं तेच सुटलं होतं.

कारण ग्राहकांना जे सेटिंग मिळत होतं, लेटेस्ट व्हर्जन, त्याच्या एक मागचं, दोन मागचं, ते फक्त एजंटच्या व्हर्जनला लागू होतं. कंटेंट फाईल त्या सेटिंगला विचारत नव्हती, निघाली की सगळीकडे एकदम. काही टीमनी टेस्ट मशिनांचा ग्रुप केला होता, आधी तिथे, मग आठवड्याने बाकीच्यांना, सगळं नीट, कागदावर ऑडिटरला दाखवण्यासारखं. त्यांची टेस्ट मशिनं आणि प्रॉडक्शन मशिनं एकदमच पडली. या लोकांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं, त्यांना कुणी ठळकपणे सांगितलं नव्हतं की तुमच्या हातातला लगाम अर्ध्याच घोड्याला आहे.

फाईलमध्ये नेमकं काय होतं? विंडोजमध्ये दोन प्रोसेसना आपसात बोलायला नेम्ड पाइप नावाची सोय असते. ताब्यात घेतलेलं मशीन लांबून चालवायची हल्लेखोरांची कमांड आणि कंट्रोल टूल्स ती भरपूर वापरतात, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये, ७.११ व्हर्जनबरोबर, क्राउडस्ट्राइकने या प्रकारच्या हल्ल्यांसाठी एक नवा साचा आणला, टेम्प्लेट टाइप. साच्याच्या व्याख्येत २१ इनपुट फील्ड लिहिलेली होती. पण एजंटमधला जो कोड ही इनपुट इंजिनकडे पुरवतो तो फक्त २० देत होता. एवढाच फरक.

मार्चपासून एप्रिलपर्यंत या साच्यावर बनलेले नियम सोडले गेले आणि व्यवस्थित चालले, कारण त्या प्रत्येकात २१ व्या फील्डसाठी वाइल्डकार्ड होतं, म्हणजे 'काहीही चालेल'. काहीही चालेल म्हटल्यावर इंजिन ती किंमत बघायलाच जात नाही, मग ती तिथे आहे की नाही हे कळणार कसं. सुरुवातीच्या टेस्टमध्येही २१ व्या फील्डला वाइल्डकार्डच होतं. १९ जुलैला दोन नवे नियम निघाले आणि त्यातल्या एकात पहिल्यांदाच २१ व्या फील्डसाठी ठोस अट होती. इंजिन २१ वी किंमत वाचायला गेलं, यादी २० वर संपलेली, त्याने पलीकडची मेमरी वाचली. ड्रायव्हर कर्नलमधला. मशीन बंद.

मधे एक तपासणी होती, कंटेंट व्हॅलिडेटर नावाचा प्रोग्राम, जो प्रत्येक नवी फाईल सोडण्याआधी बघतो. त्यालाही २१ इनपुट मिळणारच हे गृहीत होतं, म्हणून त्याने फाईल पास केली. इंजिनमध्ये यादीची लांबी बघणारी तपासणी नव्हती. आणि नवा नियम एखाद्या खऱ्या विंडोज मशिनवर एकदा चालवून बघायची पायरीच त्या मार्गात नव्हती, कारण साचा पास झालाय, व्हॅलिडेटर पास करतोय, आधीचे नियम महिनोन्‌महिने चाललेत. मला वाटतं की सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे, प्रत्येक पायरीकडे मागच्या पायरीवर विश्वास ठेवायला चांगलं कारण होतं. एकाच मशिनवर ती फाईल पाच मिनिटं चालवली असती तरी दिसलं असतं.

फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली, मग पुढे आठवडाभर लोक काय करत होते? तर मशीन बहुतेकदा नेटवर्क लागायच्या आधीच पडत होतं त्यामुळे दुरुस्त फाईल घ्यायला ते क्लाउडपर्यंत पोचायचंच नाही. सांगितलं गेलं की परत परत रीस्टार्ट करा, वायफायपेक्षा केबल लावा, म्हणजे कदाचित पडायच्या आत फाईल उतरेल, मायक्रोसॉफ्टने क्लाउडवरच्या मशिनांसाठी तर काही ठिकाणी १५ वेळासुद्धा लागू शकतात असं सांगितलं. काहींचं त्याने जमलं. बाकीच्यांना हाताने, सेफ मोड किंवा रिकव्हरीमध्ये जायचं, ड्रायव्हर फोल्डरमधली २९१ नंबरची फाईल डिलीट करायची, रीस्टार्ट. ऐकायला दोन मिनिटांचं काम आहे. पण कंपनीच्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, असते, रिकव्हरीत जायला ४८ अंकी की लागते, ती यूजरकडे नसते, ती ज्या सर्व्हरवर ठेवलेली असते तो सर्व्हर काही ठिकाणी स्वतःच निळ्या स्क्रीनवर होता. सेफ मोडला लोकल अॅडमिनचा पासवर्ड लागतो, तोही बहुतेक तिथेच. घरून काम करणाऱ्या माणसाला हेल्पडेस्क फोनवर ४८ अंक वाचून दाखवतोय आणि तो एकेक टाइप करतोय, असं हजारो वेळा. विमानतळावर छताला लटकलेल्या डिस्प्लेमागचा छोटा कॉम्प्युटर, त्याला कीबोर्डच नाही, तिथे शिडी लावून चढायचं. क्लाउडमधल्या मशिनाची डिस्क काढून दुसऱ्या मशिनाला जोडायची, फाईल डिलीट करायची, परत लावायची. मायक्रोसॉफ्टने यूएसबीवरून चालणारं टूल दिलं त्यामुळे जरा सुकर झालं. २५ जुलैला क्राउडस्ट्राइकचे सीईओ जॉर्ज कर्ट्झ यांनी सांगितलं की ९७ टक्क्यांहून जास्त विंडोज एजंट परत ऑनलाइन आलेत. हे काम ज्यांनी केलं त्या सपोर्टवाल्यांचं नाव कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही, ते असायला हवं होतं.

त्याच गडबडीत भामट्यांनी खोट्या दुरुस्तीच्या झिप फाईल फिरवायला सुरुवात केली, ज्यात मशीन ताब्यात घेणारा मालवेअर होता. घाबरलेला माणूस जे मिळेल ते चालवतो.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या ५९५८ नंबरच्या सिग्नेचर अपडेटने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःची फाईल व्हायरस ठरवली आणि मशिनं रीस्टार्टच्या चक्रात अडकली. तेव्हाही ते 'फक्त सिग्नेचर अपडेट' होतं, तेव्हाही दुरुस्ती एकेका मशिनापाशी जाऊन करावी लागली, आणि जॉर्ज कर्ट्झ तेव्हा मॅकॅफीचे सीटीओ होते. यावरून कुणा एकाला दोष द्यायचा नाहीये मला, पण चौदा वर्षांनी या धंद्यात कंटेंट अपडेट अजूनही एका झटक्यात सगळीकडे जात होतं हे मात्र धंद्याने स्वतःला विचारायला हवं.

कर्नलचा वाद मग पेटला. मायक्रोसॉफ्टच्या प्रवक्त्याने २००९ च्या युरोपियन कमिशनबरोबरच्या समझोत्याकडे बोट दाखवलं, की बाहेरच्या सिक्युरिटी कंपन्यांना आमच्याच प्रॉडक्टइतका अॅक्सेस द्यावा लागतो म्हणून कर्नल बंद करता येत नाही. मला हे पूर्ण पटत नाही, समान अॅक्सेस म्हणजे सगळ्यांना आत घेणं असंच नाही, स्वतःचं डिफेंडर हे सिक्युरिटी प्रॉडक्टही बाहेर काढून सगळ्यांना बाहेरून सारखी सोय देणं हेही समानच झालं असतं. अॅपलने २०१९ मध्ये मॅक ओएस कॅटालिनाबरोबर तेच केलं, बाहेरच्यांनी कर्नलमध्ये येणं कमी करत नेलं आणि त्याऐवजी एंडपॉइंट सिक्युरिटी नावाचं फ्रेमवर्क दिलं ज्यातून प्रोसेस आणि फाईलच्या घटना यूजर मोडमध्येच मिळतात. लिनक्सवर ईबीपीएफ आहे, तिथे कर्नलमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम आधी तपासला जातो की तो मेमरीबाहेर वाचत तर नाही ना. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२४ मध्ये सिक्युरिटी कंपन्यांना बोलावून बैठक घेतली आणि २०२५ मध्ये कर्नलबाहेर चालणाऱ्या एजंटसाठी नवी सोय निवडक कंपन्यांना वापरून बघायला दिली. हे चांगलं आहे, पण जुनी विंडोज व्हर्जन कंपन्यांमध्ये वर्षानुवर्षं राहतात, तेव्हा कर्नलमधले एजंट इतक्यात कुठे जात नाहीत.

क्राउडस्ट्राइकने पुढे जे बदललं ते सांगितलं पाहिजे. इनपुटची संख्या तपासायला लागले, यादीच्या लांबीची तपासणी इंजिनमध्ये आली, व्हॅलिडेटर सुधारला, आणि कंटेंट आता टप्प्याटप्प्याने जातो, ग्राहकाला तो कधी आणि कोणत्या मशिनांवर घ्यायचा हे ठरवता येतं. म्हणजे तो लगाम आता दिला गेलाय, आणि आता तो कसा धरायचा हे प्रत्येक आयटी टीमला स्वतः ठरवायचंय.

ते सोपं नाही. काही जणांनी या प्रकरणानंतर सरळ सांगायला सुरुवात केली की कंटेंट अपडेट शक्य तितकं उशिरा घ्या. मी तसं करणार नाही. नवा हल्ला फिरायला लागला की ज्या तासांत नियम तुमच्याकडे नाही त्या तासांत तुम्ही उघडे आहात, आणि रॅन्समवेअरला काही तास पुष्कळ झाले. त्याऐवजी मशिनं वेगळी करावीत, पण विभागांप्रमाणे नाही, पडलं तर उभं करायला किती त्रास होईल यावरून. टेबलावरचे लॅपटॉप, ज्यांच्याजवळ माणूस आणि कीबोर्ड आहे, त्यांना सगळ्यात आधी. सर्व्हर त्यानंतर, आणि एकाच कामाचे दोन सर्व्हर असतील तर ते कधीही एका ग्रुपमध्ये नकोत. छतावरची, मशिनरीतली, लांबच्या साइटवरची मशिनं सगळ्यात शेवटी, काही तासांनी. एजंट दुसऱ्या कंपनीचा असेल तर तिला लेखी विचारा की सिग्नेचर आणि कंटेंट फाईलनाही आमची व्हर्जन पॉलिसी लागू होते का, आणि उत्तर 'त्याची गरज नसते' असं आलं तर परत विचारा. बिटलॉकर की आणि लोकल अॅडमिनचे पासवर्ड यांची एक प्रत अशा ठिकाणी ठेवा जी डोमेनचे, म्हणजे कंपनीचं लॉगिन सांभाळणारे, सगळे सर्व्हर बंद असतानाही उघडते, आणि एक दिवस खरंच एक लॅपटॉप घेऊन, डोमेनला हात न लावता, ती की शोधून तो सेफ मोडमध्ये आणून दाखवा.